गिअरची गाडी शिकताना: पहिल्या क्लचपासून पक्क्या लायसनपर्यंत

आमच्याकडे गाडी शिकवत नाहीत, हातात देतात. काका नाहीतर दादा मागे बसतो, "क्लच सोड, पिकअप दे" एवढंच सांगतो. मग गाडी टुणकन उडी मारते, बंद पडते आणि मागून ओरडा बसतो. मी बत्तिसाव्या वर्षी गिअरची गाडी शिकले ती अशीच. त्याआधी दहा वर्षं स्कूटी चालवत होते, त्यामुळे तोल, आरसा, रस्त्याचा अंदाज हे सगळं होतं. आडवा येत होता तो डावा हात. स्कूटीवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, गिअरच्या गाडीवर क्लच, म्हणजे आवळला की इंजिनचा चाकाशी संबंध तोडणारा. पहिल्याच दिवशी समोर शेळी आली, मी सवयीने डावा हात आवळला आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी होऊन तशीच पुढे गेली. शेळी माझ्यापेक्षा हुशार निघाली, तिने उडी मारली.

त्यानंतर मी धाकट्या भावाला, वहिनीला आणि ऑफिसातल्या दोघींना शिकवलं. जोरात चालवणं या चौघांनाही आपोआप आलं, हळू चालवणं मात्र शिकवावं लागलं. म्हणून खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं हळू चालवण्याबद्दलच आहे, आरटीओच्या चाचणीत गाडीने काढायचा आठचा आकडासुद्धा त्यातच आला.

आधी कागद, मग किल्ली

सहा महिने गाडी फिरवायची आणि मग "आता लायसन काढून टाकू" म्हणायचं, हा आपल्याकडचा क्रम उलटा आहे. सार्वजनिक रस्त्यावर शिकायचं असेल तर लर्निंग लायसन हातात हवं. विनालायसन गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या अवस्थेत अपघात झाला तर विम्याचं प्रकरण अडकतं ते वेगळंच.

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण लागतं. १६ ते १८ मध्ये पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, आणि तसल्या पेट्रोलच्या गाड्या आता शोरूममध्ये दिसत नाहीत. नववीतल्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या आईबापांनी एवढं वाचावं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

अर्ज 'सारथी परिवहन' या सरकारी संकेतस्थळावर करायचा. त्याच्यासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी खासगी पानं बरीच आहेत, म्हणून पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतोय ना ते बघा. राज्य महाराष्ट्र निवडा, लर्निंग लायसनचा अर्ज उघडा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी टाकून माहिती आपोआप भरली जाते आणि परीक्षाही घरी बसून देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. आधार वापरायचं नसेल तर तारीख घेऊन आरटीओत जाऊन परीक्षा द्यायची. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना १अ म्हणून ठरलेला आहे. बाकीच्यांना तब्येतीचं स्वयंघोषणापत्र पुरतं.

वाहनाचा प्रकार निवडताना घाई करू नका. 'मोटारसायकल विदाउट गिअर' आणि 'मोटारसायकल विथ गिअर' हे दोन वेगळे प्रकार आहेत. गिअरवाल्या लायसनवर स्कूटीही चालते, बिनगिअरच्या लायसनवर मोटारसायकल चालत नाही. आज स्कूटीच घेणार असलात तरी गिअरची शिकायची तयारी असेल तर थेट गिअरचंच काढा. मी ते केलं नव्हतं. दहा वर्षांनी नवा प्रकार जोडायला पुन्हा लर्निंग, पुन्हा परीक्षा, पुन्हा तीच रांग.

पैशांचं गणित सोपं आहे. एका प्रकारच्या वाहनासाठी केंद्राचे मूळ दर लर्निंगला १५० आणि त्याच्या परीक्षेला ५०, पुढे पक्क्या लायसनच्या चाचणीला ३०० आणि लायसनला २०० रुपये असे आहेत. त्यावर सेवाशुल्क, कार्ड, पोस्ट असं थोडं चढतं. एजंट याच्या कितीतरी पट मागतो आणि वर "परीक्षा आम्हीच देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" म्हणतो. मला असा एक भेटला होता. पंधरा सोप्या प्रश्नांसाठी आपल्या आधारचा ओटीपी परक्याला सांगायचा म्हणजे घराची किल्ली चौकात टांगण्यासारखं आहे.

परीक्षेत १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. मराठी भाषा निवडता येते. चिन्हांचं एक सूत्र लक्षात ठेवलंत तर अर्धा अभ्यास तिथेच होतो: गोल चिन्ह हुकूम देतं, त्रिकोणी सावध करतं, चौकोनी माहिती देतं. उरलेले प्रश्न चौकात आधी कोणी जायचं, ओव्हरटेक कुठून करायचं (उजवीकडून), रुग्णवाहिका आली तर काय, बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर काय, असे असतात.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. मधल्या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि मागच्या सीटवर बसलाच तर पक्कं लायसन असलेला शिकवणाराच. मैत्रिणीला डबल सीट घेऊन कॉलेजला जाणं यात बसत नाही.

कोणती गाडी, काय घालून

शिकायला १००-११० सीसीची साधी गाडी घ्या. तिचं वजन ११०-११५ किलोच्या आसपास असतं. साडेतीनशेची बुलेट साधारण १९५ किलो भरते, आणि ती एकदा कलली की नवखा माणूस तिला सावरत नाही, तीच त्याला झोपवते. सीटवर बसून दोन्ही पावलांचे निदान चवडे टेकले पाहिजेत. फार जुनी बुलेट कोणी प्रेमाने शिकायला दिली तर हात जोडा: तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. तिच्यावर शिकलात तर बाकी जगातल्या गाड्या उलट्या वाटतील.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, त्यावर 'आयएस ४१५१' असं छापलेलं, शक्यतो पूर्ण तोंड झाकणारं. डोक्यात घालून मान झटका, हेल्मेट गालांना धरून मानेबरोबर फिरलं पाहिजे. सैल असेल तर ते नुसतं टोपीसारखं असतं. पट्टा लावायचाच, पटांगणातसुद्धा. पायात बूट. ओढणी असेल तर मागे गाठ मारून कुर्त्यात खोचा. चेनमध्ये अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते, हे मी बघितलं आहे.

बाजारतळावरच्या संध्याकाळी

जागा शोधायला लांब जायला नको. आमच्या गावचा बाजारतळ आठवड्यातले सहा दिवस रिकामा असतो. सपाट, टणक आणि खडी नसलेली जागा बघा.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून सुरुवात करा. गाडी डबल स्टँडवर लावा आणि नुसते बसा. डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. उजव्या हाताला पिकअप आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा ब्रेक. शिकवणाऱ्याने "क्लच" म्हटलं की खाली न बघता क्लच, "मागचा" म्हटलं की उजवा पाय, असा खेळ पाच मिनिटं खेळा. स्कूटीवाल्यांनी दहा मिनिटं. मग गाडी स्टँडवरून काढून, इंजिन बंदच ठेवून, ढकलत पटांगणाला एक फेरी मारा. ढकलताना गाडी कुठे जड होते, कुठे कलते हे अंगाला कळतं.

गिअरची रचना कंपनीनुसार वेगळी असते. बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि न्यूट्रल (कुठलाच गिअर नसलेली जागा) ओलांडून बाकीचे वर. काही छोट्या गाड्यांत सगळे गिअर पंजाने पुढे दाबत जायचे आणि टाचेने उतरायचे. तुमच्या गाडीचं विचारून घ्या. आणि गाडी सुरूच होत नसेल तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी उजव्या हाताजवळचा, इंजिन बंद करायचा लाल स्विच बघा, मग साइड स्टँड बघा. नव्या पुष्कळ गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. वहिनीने पहिल्या संध्याकाळची पंधरा मिनिटं या लाल स्विचपायी घालवली.

आता क्लच. गाडी सुरू करा, क्लच पूर्ण आत, पहिला गिअर. पिकअपला हात लावू नका. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून क्लच केसाएवढा केसाएवढा सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज दबतो, गाडी पुढे सरकू बघते. तिथेच थांबा, हात गोठवा. गाडी मुंगीच्या चालीने निघेल. दोन पावलं गेली की क्लच पुन्हा आत, गाडी थांबली. हे पन्नास वेळा करा. कंटाळा येईल, येऊ द्या. क्लच नेमका कुठे पकडतो ती जागा बोटांना पाठ होईपर्यंत पुढचं काही शिकू नका, कारण चढावर सुटणं, ट्रॅफिकमध्ये सरकणं, आठ काढणं हे सगळं त्या अर्ध्या इंचात आहे. गाडी उडी मारून बंद पडते तेव्हा क्लच त्या जागेवरून झटक्यात सुटलेला असतो. अशा वेळी मागे बसलेल्याने "पिकअप दे" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, हाताला फक्त "हळू" सांगायचं.

यानंतर पाय वर. नजर दूर ठेवली की तोल आपोआप राहतो, पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी डुलते. थांबताना आधी ब्रेक, आणि गाडी थांबायला आली की शेवटी क्लच. उलट केलंत, म्हणजे आधी क्लच दाबलात, तर माझ्या शेळीसारखं होतं. थांबल्यावर डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर.

दुसरा-तिसरा गिअर हे एका संध्याकाळचं काम आहे, त्याचं फार कौतुक नको. इंजिन ओरडायला लागलं की वर, धडधडायला लागलं की खाली.

पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक मारू नको, पालथी होशील" हे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येक शिकाऊने ऐकलेलं असतं. यातला पालथं होण्याचा भाग अर्धाच खरा आहे. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मागच्या चाकावरचं वजन कमी होतं, म्हणून नुसता मागचा दाबला तर ते चाक घसरतं आणि गाडी शेपूट हलवत लांबवर जाते. पुढच्याने माणूस पडतो तो दोन कारणांनी: एकदम आवळल्याने, किंवा हँडल वळलेलं असताना नाहीतर खडी-वाळूवर दाबल्याने.

म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा लिंबू पिळल्यासारखा, आधी हलका मग जोर. सरळ रेषेत, कोरड्या जमिनीवर, आधी २० च्या वेगाने, मग ३० च्या. एक वीट ठेवा आणि तिच्या आत थांबायचा प्रयत्न करा. नव्या गाड्यांपैकी १२५ सीसीपर्यंतच्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो; त्यावरच्यांना एबीएस असतं, ते चाक अडकू देत नाही. २०१९ पूर्वीच्या जुन्या गाडीवर शिकत असाल तर बहुधा यातलं काहीच नसेल.

आठचा आकडा

चुन्याची फक्की घ्या आणि बाजारतळावर आठ काढा. सुरुवातीला प्रत्येक गोल दहा-बारा पावलांचा, जमायला लागला की लहान करत जा. पहिला गिअर, पिकअप अगदी थोडा आणि एकसारखा, क्लच त्या पकडीच्या जागेवर, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक किंचित धरलेला. वेग वाढतोय वाटलं तर पिकअप न सोडता ब्रेक थोडा जास्त. गाडी कोसळतेय वाटलं तर ब्रेक सोडा, क्लच थोडा सोडा, ती उठून उभी राहते. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून टाका.

मान मात्र आधी वळली पाहिजे. डावा गोल अर्धा झाला की नजर मधल्या फुलीवर, फुली आली की नजर उजव्या गोलाच्या पलीकडच्या कडेला. जिथे बघाल तिथे गाडी जाते. भाऊ सारखा आठच्या कडेला ठेवलेल्या विटेकडे बघायचा आणि सारखा विटेवरच जायचा. विटा उचलल्या तेव्हा त्याला आठ आला, मग परत ठेवल्या.

भावाला चार संध्याकाळ लागल्या, वहिनीला नऊ. आज वहिनीच जास्त चांगली चालवते.

रस्त्यावर

पहिल्यांदा रस्त्यावर जाताना रविवारची सकाळ, सहाची वेळ. सुरुवातीचे दोन-तीन दिवस फक्त डावी वळणं घ्या, म्हणजे समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. उजवं वळण नंतर: आरसा, इंडिकेटर, मान वळवून एकदा मागे, मग वळा. इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, वळल्यावर बंद करा. आपल्याकडे निम्म्या गाड्यांचा डावा इंडिकेटर मागच्या गावापासून चालू असतो.

साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीने ओलांडलेल्या खांबापाशी पोचायला तुम्हाला निदान तीन सेकंद लागले पाहिजेत.

आपल्या रस्त्यांचे काही धडे पुस्तकात नाहीत. नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की रात्री दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चाललेले असतात. समोरच्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपले की वेग कमी करा, पुढे अंधारात काळी भिंत असू शकते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन लोण्यासारखं होतं, पांढरे पट्टे तर जास्तच. सुगीला लोक रस्त्यावरच सोयाबीन मळायला पसरतात, त्यावर ब्रेक नको, सरळ जाऊ द्या. कुंभार्लीसारखा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. आणि मोबाइलचा नकाशा काहीही म्हणो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर दुचाकीला बंदी आहे.

चाचणीचा दिवस

तीस दिवस झाले की सारथीवरच पक्क्या लायसनचा अर्ज करून तारीख घ्या. आरटीओ लांब असेल तर तुमच्या तालुक्याला त्यांचं शिबिर असतं का बघा. लोक त्याला कॅम्प म्हणतात, आणि तारखा लवकर भरतात. लर्निंगची मुदत संपायच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका.

जाताना लर्निंगची प्रत, आधार, आणि गाडीचं आरसी म्हणजे नोंदणीपत्र, चालू विमा, चालू पीयूसी म्हणजे प्रदूषण प्रमाणपत्र. लोक नापास होण्यापेक्षा संपलेल्या पीयूसीमुळेच जास्त परत जाताना मी बघितले. गिअरच्या लायसनसाठी गिअरचीच गाडी न्या. हेल्मेट घालूनच ट्रॅकवर जा. शक्यतो ज्या गाडीवर शिकलात तीच न्या, मित्राची उसनी गाडी नको, तिचा क्लच वेगळ्या जागी पकडतो.

मोटार वाहन निरीक्षक आठ काढायला सांगतात. पाय टेकवायचा नाही, रेषेबाहेर जायचं नाही. हाताचे इशारेही विचारले जाऊ शकतात: उजवीकडे वळायला उजवा हात आडवा सरळ, डावीकडे वळायला तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल, वेग कमी करायला तळवा खाली करून वर-खाली. गंमत अशी की उजवा हात सोडला की पिकअप सुटतो, त्यामुळे हे इशारे बाजारतळावर आधी करून बघा.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

पास झालात की कार्ड पोस्टाने घरी येतं. तोपर्यंत डिजीलॉकरमध्ये किंवा एम-परिवहन ॲपमध्ये दिसू लागलेलं लायसन पोलिसांना दाखवलं तर चालतं. कार्ड आल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि वाहनाचा प्रकार त्याच दिवशी तपासा. तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलेलं दहा वर्षं.

पहिली डबल सीट

मागे माणूस बसला की गाडी बदलते. क्लच जास्त हळू सोडावा लागतो, थांबायला जास्त अंतर लागतं, आणि पुढचं चाक हलकं वाटतं. मागच्याही डोक्यावर हेल्मेट. बसणारीने दोन्हीकडे पाय टाकून बसावं हे उत्तम. नऊवारी-सहावारीत ते जमत नसेल तर साडी गार्ड असलेलीच गाडी, पदर कमरेला खोचलेला आणि एक हात मागच्या दांडीला. चालू गाडीवर चढायचं-उतरायचं नाही, आणि वळणावर घाबरून उलट्या बाजूला कलायचं नाही, हे निघण्याआधी सांगा.

माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने एकच अट घातली: वीसच्या वर न्यायची नाही, आणि जायचं होतं शनिवारच्या मंडईतून. हायवेने साठने नेणं त्यापेक्षा सोपं पडलं असतं हे मी तिला सांगितलं नाही. क्लच बोटांत धरून, भाजीच्या हातगाड्यांमधून, एकदाही पाय न टेकवता तिला घरी आणलं. उतरताना ती म्हणाली, "बरी चालवतेस की. स्कूटीसारखीच आहे."